खणा म्हणणारी गोष्ट

गुप्तधनाची गोष्ट आमच्या सीमाभागात कुणाला नव्यानं रचावी लागत नाही. निपाणीपासून बेळगावपर्यंत जिथं पडका वाडा, बुजलेली विहीर किंवा गढीचा बुरूज आहे तिथं मोहरांचा हंडा आहे, हंड्यावर नाग बसलेला आहे, आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीखालचं दिसतं असं खात्रीनं सांगणारं कुणीतरी आहे. शेवटही ठरलेला. अमावास्येच्या रात्री कुणीतरी खणलं, कुदळ भांड्यावर वाजली, झाकण काढलं तर आत कोळसे. ज्याचं त्यालाच मिळायचं; दुसऱ्यानं हात लावला की सोन्याचा कोळसा होतो.

लहानपणी हा शेवट ऐकून हळहळ वाटायची. आता त्याची बांधणी पाहून मी थक्क होतो. या एका वाक्यानं गोष्ट स्वतःला कायमची सुरक्षित करून घेते. खणलं नाही तर धन आहेच. खणलं आणि सापडलं नाही, तरी धन होतं. फक्त त्याचा कोळसा झाला. पुरावा मागायला जागाच उरत नाही. अशा न संपणाऱ्या गोष्टीची किंमत माणसांनी जिवानिशी मोजली आहे. म्हणून तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधापायी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे, आणि कर्नाटकच्या २०१७ च्या कायद्यातही तो आहे. सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही राज्यांना या एका गोष्टीबद्दल कायद्यात लिहावं लागलं.

तीच गोष्ट आता नव्या कपड्यांत फिरते. हंड्याच्या जागी हार्ड डिस्क, मोहरांच्या जागी बिटकॉइन. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, इंजिनिअरिंगच्या पोरांच्या कट्ट्यावर ती ऐकू येते: कुणाच्या तरी मित्रानं २०१० च्या सुमारास गंमत म्हणून बिटकॉइन घेतले होते, पुढं पीसी भंगारात दिला, आज ते शंभर कोटी असते. सांगणारा नेहमी दुसऱ्या कुणाबद्दल सांगतो आणि आवाज खाली आणून सांगतो. ही गोष्ट हसून सोडून द्यावी असं मला वाटत नाही. ती कविता वाचावी तशी, ओळ न ओळ तपासत वाचावी. या गोष्टीचे खरे आणि खोटे असे दोन्ही पाठ आज जगात उपलब्ध आहेत, आणि त्यांतला फरक शेवटच्या वाक्यात सापडतो.

मूळ पाठ वेल्समधल्या न्यूपोर्ट गावचा. जेम्स हॉवेल्स या तरुणानं २००९ मध्ये स्वतःच्या लॅपटॉपवर बिटकॉइन तयार केले. तेव्हा त्यांना किंमत नव्हती. व्यवहारांच्या नोंदींचा एक ब्लॉक जुळवला की ५० नाणी मिळत, आणि जुळवणारे जगात मोजके होते. लॅपटॉप तापतो, आवाज करतो म्हणून त्यानं ते थांबवलं. पुढं त्या लॅपटॉपवर लेमोनेड सांडलं. त्यानं तो सुटा केला आणि त्यातली हार्ड डिस्क टेबलाच्या खणात ठेवून दिली. त्याच खणात दुसरीही एक डिस्क होती, कामाची नसलेली. २०१३ च्या उन्हाळ्यात घर आवरताना त्यानं दोहोंतली एक काळ्या पिशवीत टाकली. चुकीची टाकली.

त्यानं सांगितलेल्या हकिकतीतला पुढचा तपशील मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. रात्री त्यानं जोडीदारणीला विचारलं, सकाळी ही पिशवी कचरा डेपोवर टाकशील का? ती नको म्हणाली. तो झोपला, मनात आलं की उठल्यावर पिशवी एकदा बघून घेऊ. सकाळी तिनं आपणहून ती नेऊन टाकली.

गोष्टीचा सगळा जीव या एका रात्रीत आहे. कुणी दरोडा घातला नाही, आग लागली नाही, शत्रू आला नाही. एक नकार आला, एक आळस झाला आणि एक भलेपणा झाला. तिन्ही मिळून कोट्यवधींचं धन कचऱ्यात गेलं. दैव देतं आणि कर्म नेतं ही आपली म्हण इथं शब्दशः उतरते. फक्त कर्म इतकं बारीक आहे की त्याला कर्म म्हणायलाही जीव धजत नाही. या गोष्टीचा रस करुण आहे, अद्भुत त्याच्या मागून येतो. आणि खरेपणाचा पहिला वास मला इथंच येतो. बढाई मारायला गोष्ट रचणारा माणूस स्वतःला असा झोपाळू, चुकीची डिस्क टाकणारा दाखवत नाही.

तरीही पाठ डोळे मिटून स्वीकारायचा नसतो. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ही हकिकत पहिल्यांदा वृत्तपत्रांत आली तेव्हा आकडा ७,५०० नाण्यांचा होता. काही वर्षांनी तो ८,००० झाला आणि न्यायालयातही तोच गेला. पन्नासच्या हिशेबानं पहिला आकडा १५० ब्लॉकचा, दुसरा १६० चा. आठवणीत दहा ब्लॉकचा फरक पडू शकतो, त्यावरून मी त्याला खोटं ठरवणार नाही. पण वाचताना पेन्सिलीनं तिथं खूण करतो. सांगता सांगता हंडा मोठा होतो हे आपण गावातही पाहिलेलं आहे.

आता शेवटचं वाक्य. हॉवेल्सचं शेवटचं वाक्य आहे: खणा. २०१३ पासून तो न्यूपोर्टच्या नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवत राहिला. सापडलं तर त्यातला वाटा गावाला देतो म्हणाला, कधी दहा टक्के, कधी पंचवीस. खणण्यासाठी पैसे घालणारे लोक त्यानं जमवले. नगरपालिकेनं दर वेळी नाही म्हटलं. त्या जागेत सुमारे १४ लाख टन कचरा आहे. तो उकरला तर परिसराला धोका, आणि तिथल्या १९७४ च्या कायद्याप्रमाणं डेपोत येऊन पडलेली वस्तू नगरपालिकेच्या मालकीची. (आपल्याकडे १८७८ पासून निखात निधीचा कायदा आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. कचरा असो वा हंडा, जमिनीखाली गेलेल्या वस्तूवर सरकार आधी हात ठेवतं.) जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीश कीझर यांनी हॉवेल्सचा दावा खटला उभा राहण्याआधीच काढून टाकला, मार्चमध्ये अपिलाची परवानगीही नाकारली गेली.

बारा वर्षं हा माणूस स्वतःच्या गोष्टीला परीक्षेला बसवायला धडपडत होता. डिस्क सापडली असती आणि तिच्यात काही निघालं नसतं, तर जगासमोर तो उघडा पडला असता. तो धोका पत्करून तो खणा म्हणत राहिला. कोळशाचं वाक्य त्याच्या पाठात नाही. अडथळा बाहेरून आला. म्हणून त्याची गोष्ट सिद्ध न होताही मला आदरणीय वाटते.

खणून काय मिळालं असतं, हा प्रश्न उरतो. डिस्कवर बिटकॉइन नसतातच. तिथं असते एक प्रायव्हेट की, म्हणजे २५६ बिटांची एक प्रचंड संख्या. ६४ अक्षरांत ती कागदाच्या चिठोऱ्यावर मावते. ही संख्या डिस्कमधल्या तबकड्यांवर, धातूच्या अतिशय पातळ चुंबकी थरात नोंदलेली असते. कचऱ्यातून झिरपणारं आंबट पाणी आत शिरून तो थर गंजला तर संपलं. पण तबकडी शाबूत राहिली तर वरचा पत्रा कितीही चेपला, जळाला तरी आशा असते. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, ते १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना टेक्सासच्या आकाशात फुटलं. अवशेषांत एक जळकी, वितळलेली हार्ड डिस्क मिळाली. तज्ज्ञांनी तिच्यातला सुमारे ९९ टक्के मजकूर परत वाचला, आणि झेनॉन वायूवरच्या त्या यानातल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आकाशातून पडलेली डिस्क वाचता येते, हे लक्षात ठेवून ‘डिस्क नष्ट झाली’ हे वाक्य ऐकावं. कशी नष्ट झाली? कुठं? तबकडी कुणी पाहिली? खरी गोष्ट या प्रश्नांनी आणखी भरते. रचलेली गोष्ट तिथं चिडते.

जुन्या गुप्तधनाहून एक फरक मात्र मुळातलाच आहे. मोहरांचा हंडा कुठं आहे हे कुणालाच माहीत नसतं. बिटकॉइन कुठं आहेत हे सगळ्यांना दिसतं. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून आजपर्यंतचा प्रत्येक व्यवहार ब्लॉकचेन या जाहीर नोंदवहीत उघडा आहे. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत आणि ती शेवटची कधी हलली, हे निपाणीत मोबाइलवर बसूनही बघता येतं. जमिनीचा उतारा तलाठ्याकडे न जाता भिंतीवर लावून ठेवावा तसं हे आहे: गट क्रमांक आहे, क्षेत्र आहे, फेरफाराच्या सगळ्या नोंदी आहेत, फक्त खातेदाराच्या नावाचा रकाना कोरा आहे. आम्हा सीमाभागातल्या लोकांना उताऱ्यावरच्या नावाचं मोल वेगळं सांगायला नको. तो कोरा रकाना भरण्याची एकच रीत आहे: ज्याच्याकडे की आहे त्यानं तिनं सही करून दाखवायची.

या उघड्या उताऱ्यामुळं हरवलेल्या डिस्कची गोष्ट अर्धी तपासता येते. हॉवेल्सची नाणी ज्या पत्त्यावर आहेत असं तो सांगतो, तिथं ती निश्चल आहेत. एवढं जग पाहू शकतं. ती त्याचीच आहेत का, हे पाहू शकत नाही. या धूसर अर्ध्या भागात दुसऱ्या पाठांनी घरं बांधली.

त्यांतला सर्वांत कसलेला पाठ भारतातून सुरू होतो. क्वाड्रिगासीएक्स या कॅनडातल्या बिटकॉइन बाजाराचा तिशीतला प्रमुख जेराल्ड कॉटन ९ डिसेंबर २०१८ रोजी जयपूरच्या रुग्णालयात आतड्याच्या जुन्या आजारानं मरण पावला. नुकतंच लग्न झालेलं. भारतात अनाथालयाच्या उद्घाटनासाठी आल्याचं सांगण्यात आलं. महिनाभरानं कंपनीनं मृत्यू जाहीर केला आणि मागोमाग कळलं की ग्राहकांची नाणी ज्या वॉलेटांत होती त्यांचे पासवर्ड एकट्या कॉटनला माहीत होते. लॅपटॉप आहे, पण तो उघडत नाही. सुमारे ७६,००० लोकांचे पैसे एका मृत माणसाच्या डोक्यात अडकले.

साहित्य म्हणून हे प्रकरण विलक्षण आहे. परका देश, अकाली मृत्यू, अनाथ मुलं, तरुण विधवा, बंद लॅपटॉप. तपशील एकाहून एक ठळक, प्रत्येक तपशील डोळ्यांत पाणी आणणारा. आणि नेमकं तेच मला खटकतं. हॉवेल्सच्या पाठात लेमोनेड आहे, चुकीची डिस्क आहे; त्या तपशिलांनी कुणाचा फायदा होत नाही. कॉटनच्या पाठात एकही तपशील फुकट गेलेला नाही. मरण्याच्या बारा दिवस आधी केलेलं मृत्युपत्रसुद्धा आहे, आणि त्यात पाळलेल्या दोन कुत्र्यांसाठी एक लाख डॉलर आहेत. फक्त पासवर्डची सोय नाही.

उलगडा उताऱ्यानं केला. न्यायालयानं नेमलेल्या लेखापालांनी मार्च २०१९ मध्ये कळवलं की कंपनीची ती वॉलेटं एप्रिल २०१८ पासूनच जवळजवळ रिकामी होती. पासवर्ड मिळाला असता तरी हाती काही लागलं नसतं. २०२० मध्ये ओंटारिओच्या रोखे आयोगानं लिहिलं की कॉटननं खोट्या नावांनी खाती उघडून, नसलेल्या पैशांनी व्यवहार करून ग्राहकांचा पैसा उडवला होता, १६.९ कोटी कॅनेडियन डॉलरच्या तोट्यातले सुमारे ११.५ कोटी त्यामुळं गेले. हरवलेला पासवर्ड हा कोळसा होता. हंडा आधीच रिकामा होता. डिसेंबर २०१९ मध्ये ग्राहकांच्या वकिलांनी कॅनडाच्या पोलिसांकडे मागणी केली: कबर खणा, देह त्याचाच आहे का तपासा. ‘खणा’ हा शब्द या गोष्टीत सांगणाऱ्याच्या तोंडून आला नाही, ऐकणाऱ्यांना तो उच्चारावा लागला.

दुसरा पाठ ऑस्ट्रेलियाच्या क्रेग राइटचा. बिटकॉइनचा अज्ञात जनक सातोशी नाकामोतो तो मीच, असं हा माणूस २०१६ पासून सांगत होता. सिद्ध करणं क्षणाचं काम होतं: सातोशीच्या कीनं एक सही. ती काही येत नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये नॉर्वेच्या न्यायालयात त्यानं कारण दिलं: की ज्या हार्ड डिस्कवर होती ती मीच पायाखाली तुडवली. हे वाक्य नीट वाचावं. पुरावा होता, सर्वश्रेष्ठ पुरावा होता, आणि तो माझ्याच पायानं गेला. कोळशाच्या वाक्याची इतकी निर्भेळ आवृत्ती मी दुसरी पाहिलेली नाही. जुन्या गोष्टीत निदान नियतीनं सोनं काळं केलं. इथं नायकानं स्वतः केलं आणि त्यालाच आपल्या खरेपणाची साक्ष मानावं म्हणाला.

या पाठाचं रसग्रहण उताऱ्यानंच आधी करून ठेवलं होतं. मे २०२० मध्ये, अमेरिकेतल्या एका खटल्यात राइटनं आपले म्हणून दिलेल्या पत्त्यांपैकी १४५ पत्त्यांच्या कीनं कुणीतरी एक संदेश सही करून प्रसिद्ध केला. क्रेग राइट खोटारडा आणि ठग आहे, असा त्याचा आशय होता. ज्या रकान्यात राइट स्वतःचं नाव लिहू पाहत होता, तिथल्या खऱ्या खातेदारानं आतून आवाज दिला. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. नाटकातही इतका नेमका प्रवेश क्वचित सापडतो. मार्च २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्या. मेलर यांनी राइट हा सातोशी नाही असा निर्णय दिला, आणि मेमधल्या निकालपत्रात त्यानं न्यायालयात वारंवार खोटं सांगितल्याचं व कागद बनावट केल्याचं नोंदवलं.

सगळे नमुने असे स्वच्छ दोन बाजूंना पडत नाहीत. स्टीफन थॉमस या प्रोग्रामरकडे ७,००२ बिटकॉइनची की असलेला पेनड्राइव्हसारखा एक छोटा ड्राइव्ह आहे. दहा वेळा पासवर्ड चुकला की तो कायमचा बंद होतो, आणि आठ संधी त्यानं घालवल्या. २०२३ मध्ये एका कंपनीनं आपण असा ड्राइव्ह उघडू शकतो असं जाहीर केलं. थॉमसनं त्यांना लगेच होकार दिला नाही, आधीच दुसऱ्या तज्ज्ञांशी ठरलं आहे म्हणाला. खणायला लोक दारात उभे आहेत आणि मालक थांबा म्हणतो आहे. त्याला खोटं म्हणायला माझ्याकडे काही नाही. ड्राइव्ह शाबूत आहे, घाई केली तर सगळं जाईल ही भीती रास्त आहे. पण गोष्ट अजून कुठल्याही बाजूला झुकलेली नाही, आणि ती तशीच ठेवण्याचा संयम वाचकाकडे हवा. जानेवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं चेनॅलिसिस या कंपनीच्या हवाल्यानं लिहिलं होतं की तेव्हाच्या १ कोटी ८५ लाख बिटकॉइनपैकी सुमारे पाचवा हिस्सा हरवलेला किंवा अडकलेला असावा. ‘असावा’ हा शब्द तिथं अटळ आहे. उताऱ्यावर मेलेल्याचं, विसरलेल्याचं आणि नुसतं थांबून राहिलेल्याचं नाणं अगदी एकसारखं दिसतं.

आमच्या कर्नाटकात या कोऱ्या रकान्यानं पोलिसांनाही चकवलं. जानेवारी २०२१ मध्ये बंगळूर पोलिसांनी एका तरुण हॅकरकडून ३१ बिटकॉइन हस्तगत केल्याचं सांगितलं, किंमत सुमारे नऊ कोटी. पुढं वॉलेट पाहिलं तर त्यात १८६ नाणी दिसली. तज्ज्ञांनी उलगडलं की ते वॉलेट आरोपीचं नव्हतंच. त्यानं दुसऱ्याच्या चालू खात्याकडे बोट दाखवलं होतं आणि की त्याच्याजवळ नव्हती. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनीच हा खुलासा केला. अंजन घातलेल्या डोळ्यांना हंडा दिसला, तो खराही होता, पण तो शेजारच्याच्या अंगणातला निघाला.

आणि मग पुणे. गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेची गोष्ट आम्हाला सर्वांत जवळची, कारण तिच्यात दर महिन्याला दहा टक्के, तेही अठरा महिने देण्याचं वचन होतं, आणि असली वचनं आमच्या बाजारपेठांत झपाट्यानं पसरतात. योजनेचा प्रमुख अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी पकडलं. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. लोकांची नाणी कुठं आहेत या प्रश्नाचं उत्तर पुन्हा एका मृत माणसाकडे जाऊन थांबतं की काय, अशी वेळ आली. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या भावाला सांगावं लागलं की वॉलेटचं यूजरनेम आणि पासवर्ड ईडीला द्या. त्याच महिन्यात पुणे पोलिसांनी, तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच अटक केली. जप्त वॉलेटांतली नाणी परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला.

इथं मला जयपूर आठवतं. ‘पासवर्ड त्यालाच माहीत होता’ हे वाक्य पैसे बुडालेल्या माणसाच्या कानावर पडतं तेव्हा तो दुःखानं गप्प होतो. मेलेल्या माणसाविषयी कसं बोलायचं, हा आपल्याकडचा संस्कार आड येतो. याच वाक्यापाशी न थांबता पत्ते मागितले पाहिजेत. नाणी कोणत्या पत्त्यावर गेली, तिथून कधी हलली, मृत्यूनंतर हलली का? मेलेला माणूस सही करत नाही. त्याच्या मागं नाणं हललं तर की कुणा जिवंत माणसाकडे आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं या प्रकरणात साठाहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. पुणे आणि नांदेडबरोबर त्यांत कोल्हापूर होतं, निपाणीहून तासाभराच्या अंतरावरचं. सापडलेल्या वस्तूंत हार्डवेअर वॉलेटं होती, ३४ लॅपटॉप आणि हार्ड डिस्क होत्या, आणि २३ कोटी ९४ लाख रुपये किमतीची क्रिप्टो हाती लागली. ईडीनं या घोटाळ्याचा आकडा ६,६०० कोटी सांगितलेला आहे.